‘घरात कुणाला साखर आहे का?’ : एका प्रश्नाचा इतिहास

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गावी होतो. कळंब तालुक्यातलं आमचं गाव, जुनं माळवदाचं घर, ओसरीवर धाकटा भाऊ बैलांच्या झुली उन्हात घालत बसलेला. तेवढ्यात आशाताई आल्या. हातात छापील अर्ज, खांद्याला पिशवी आणि पिशवीत शिंप्याकडे असतो तसला टेप. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा अर्ज भरायचा असतो. तंबाखू खाता का, दारू घेता का, आठवड्यातून किती चालता, असे प्रश्न झाले. कमरेचा घेर मोजला, अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. मग शेवटचा प्रश्न आला : ‘घरात आईवडलांना, भावाबहिणींना साखर, बीपी, हार्टचा त्रास हाय का कुणाला?’

‘न्हाई बाई, आमच्यात कुणालाच न्हाई,’ भाऊ म्हणाला.

भिंतीवर आबांचा हार घातलेला फोटो होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि गप्प राहिलो. तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. अस्सल साधन कशाला म्हणायचं आणि साधनात खोटी नोंद कशी शिरते, हे मुलांना फळ्यावर लिहून दिलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच घराच्या ओसरीवर, एका सरकारी कागदात खोटी नोंद होत असताना मी तोंड उघडलं नाही.

आबांना साखर होती. १९९६च्या हिवाळ्यात शेतात पायाला बाभळीचा काटा रुतला आणि जखम महिनाभर भरेना. सोलापूरला नेलं, तिथे अंगठा काढावा लागला. डॉक्टरांनी सांगितलं की साखर पुष्कळ वाढलेली आहे आणि ती काही कालपरवाची नाही. मायला तेव्हा आठवलं, की मोरीत मुंग्या लागतात म्हणून ती दोनतीन वर्षं राख टाकत होती. परतीच्या एसटीत चुलत्यांनी ठरवून टाकलं : गावात काटा लागून विष चढलं एवढंच सांगायचं. दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. ‘रोगी घराणं’ असा बोल लागला तर सोयरिका मोडतील, ही भीती खोटी नव्हती. आबा १९९८ साली गेले. बहिणी नांदायला गेल्या. आणि जे लपवायचं म्हणून लपवलं, ते पुढे आम्ही खरोखरच विसरलो. भाऊ आशाताईंशी खोटं बोलला नाही, त्याच्या लेखी आबा काट्यानेच गेले होते.

त्या रात्री झोप लागली नाही, आणि मग सवयीने शोध सुरू झाला. हा प्रश्न मुळात कुणी, कधी आणि का विचारायला सुरुवात केली?

आपल्याकडे याचं उत्तर बरंच मागे जातं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे आईबापाच्या बीजातल्या दोषामुळे जन्मतःच आलेला. दुसरा अपथ्यामुळे, चुकीच्या खाण्यापिण्यामुळे ओढवलेला. पहिल्या प्रकारचा रोगी वाळलेला, रुक्ष, थोडं खाणारा आणि सतत तहानलेला. दुसरा स्थूल, खादाड, लोळण्याची आवड असलेला. चरकानेही कृश आणि स्थूल असे प्रमेही वेगळे काढून त्यांचे उपचार निरनिराळे सांगितले. एकाला पोसायचं, दुसऱ्याला झिजवायचं. आजच्या डॉक्टरी वर्गवारीशी हे जसंच्या तसं जुळवण्याचा खटाटोप मी करणार नाही. तसा खटाटोप करणाऱ्यांचे लेख दिवाळी अंकांत पुष्कळ येऊन गेले आहेत. मला त्यात महत्त्वाची वाटते ती एवढीच गोष्ट, की रोग्याकडे पाहताना त्याच्या आईबापाकडेही पाहायचं, हे त्या वैद्यांना ठाऊक होतं.

मधल्या काळात मात्र लोकांच्या मनात दुसराच प्रकार बसला. मधुमेह हा शेठजींचा, गादीवर बसणाऱ्यांचा, गोडधोड खाणाऱ्यांचा रोग. आबांना साखर निघाली तेव्हा मायचा पहिला प्रश्न होता, ‘ह्यांनी गोड खाल्लं तरी कवा?’ तिचं म्हणणं रास्त होतं. आमच्या भागात कुंथलगिरीचा पेढा प्रसिद्ध खरा, पण तो यायचा लग्नात नाहीतर पाहुणा आला तर. आबांच्या ताटात जन्मभर ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, करडईचं तेल आणि मिरचीचा ठेचा. अंगावर मूठभर मांस नाही. असल्या माणसाला श्रीमंतांचा रोग कसा झाला?

या कोड्याचं पहिलं आधुनिक उत्तर १९६२ साली जेम्स नील या अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञाने सुचवलं. माणसाच्या इतिहासात सुगी थोडी आणि उपासमार फार. मिळालं तेव्हा भराभर साठवून ठेवणारी शरीरं दुष्काळात तगली, त्यांचीच बीजं पुढे आली. ही काटकसर कणग्या रिकाम्या होत्या तोवर उपयोगाची होती, कणग्या भरल्यावर तीच अंगावर आली. कल्पना मोठी आकर्षक. पण हे काटकसरी बीज नेमकं कुठे आहे, ते हाती लागेना. पुढे २००६ साली टीसीएफ७एल२ नावाचा एक जनुक आइसलँडमधल्या संशोधनातून पुढे आला आणि वर्षभरात पुण्याचं केईएम रुग्णालय व हैदराबादची सीसीएमबी यांनी तो आपल्या लोकांतही मधुमेहाशी निगडित असल्याचं दाखवलं. तरी असल्या जनुकांनी घराण्यातल्या रोगाचा थोडाच हिशेब लागतो. बाकीचा हिशेब कुठे मांडलेला आहे?

तो एका इंग्रज बाईच्या खतावण्यांत सापडला. इतिहासाच्या माणसाला ही हकिगत मोहात पाडणारी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या आरोग्य अधिकारी बाईंनी सुइणींना शिस्त लावली होती. प्रत्येक बाळ जन्मताच तोलायचं आणि वजन वहीत चढवायचं, वर्षाचं झाल्यावर पुन्हा तोलायचं. वह्या भरत गेल्या आणि कपाटात पडून राहिल्या. डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स या संशोधकांनी त्या उघडून १९२० ते १९३० दरम्यान जन्मलेले, अजून त्याच भागात राहणारे पुरुष शोधून काढले. तेव्हा ते साठीच्या पुढे होते. त्यांना ग्लुकोज पाजून रक्त तपासलं. जन्माचं वजन साडेपाच पौंडांहून कमी असलेल्यांपैकी शंभरातल्या ४० जणांना मधुमेह किंवा त्याच्या उंबरठ्यावरची साखर होती. साडेनऊ पौंडांहून जास्त वजनाने जन्मलेल्यांत हेच प्रमाण १४. हे १९९१ साली प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी हेल्स आणि बार्कर यांनी नीलचा शब्द घेऊन त्याचा अर्थ फिरवला : काटकसर बीजात नसेल, ती गर्भात शिकवली जात असेल. आईच्या पोटात अन्न कमी पडलं तर गर्भ मेंदू वाचवतो, आणि स्वादुपिंड, स्नायू, मूत्रपिंड यांच्या वाट्याला कमी येतं. कमी सामानात बांधलेलं ते घर पुढे भरल्या पेवाचा भार सोसत नाही.

याला बळकटी आली ती ॲमस्टरडॅममधून. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडची रसद तोडली, शिधा हजार उष्मांकांच्या खाली गेला. त्या महिन्यांत जी मुलं पोटात होती, त्यांना पन्नाशीत तपासलं तेव्हा ग्लुकोज प्यायल्यानंतरची त्यांची साखर इतरांपेक्षा जास्त निघाली. तो निष्कर्ष १९९८चा. आमचे आबा गेले त्या सालचा.

आता धाराशिवकडे येतो. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, लातूरही त्यातच होतं. १९७२चा दुष्काळ आमच्या पिढीच्या हाडात आहे. मी नऊ वर्षांचा होतो. त्याआधीची दोन वर्षंही धड पिकली नव्हती, आणि बहात्तरला पावसाने पुरतीच पाठ फिरवली. बालाघाटाच्या कुशीतली गावं एकामागून एक सरकारी कामांवर गेली : खडी फोडणं, रस्ते, नाला बांध, पाझर तलाव. १९७३च्या मे महिन्यात राज्यात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचं मूळ याच उन्हात आहे. या योजनेचं आणि ती कल्पना मांडणाऱ्या वि. स. पागे यांचं कौतुक पुष्कळ झालं, आणि ते योग्यच आहे. दुष्काळात माणसं पूर्वीसारखी रस्त्यावर मरून पडली नाहीत. पण जगणं आणि पोसलं जाणं यांत अंतर असतं.

माझी माय त्या खडीवर होती. अमेरिकेहून आलेली लाल मिलो रेशनवर मिळायची, तिची भाकरी थापताना मोडायची आणि खाताना घशाला लागायची. कामावर सुकडी वाटत. माय आपल्या वाट्याची सुकडी पदरात बांधून आणायची आणि मी ती खायचो. तिची चव मला अजून आठवते. तेव्हा तिच्या पोटात धाकटा होता. तो १९७३च्या चैत्रात जन्मला. शाळेच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख १ जून आहे, जशी आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची होती. गुरुजींनी सोयीने लिहिलेली. त्याला कुणी तोललं नाही. सुईण एवढंच म्हणाली होती, की उंदराएवढं हाय, पण रडतंय झ्याक. हर्टफर्डशायरच्या सुइणीकडे वही होती, आमच्या सुइणीकडे हे एक वाक्य. तेच आमचं दप्तर.

एका माणसावरून दुष्काळाचा निकाल देता येत नाही, हे मला कळतं. पण मराठी मातीतल्या गर्भांची नीट वही घातली गेलीच नाही, असंही नाही. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे ऐंशीच्या दशकात येणारे मधुमेही पाश्चात्त्य पुस्तकांतल्यासारखे दिसत नव्हते. ते वयाने लहान आणि अंगाने किडकिडीत होते. १९९३मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक दीर्घ अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या बायांपासून नोंदी धरल्या. त्यांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. कोण किती पाणी वाहते, शेतात किती राबते, ताटात काय असतं, सगळं टिपलं. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा जवळजवळ ८०० ग्रॅमनी हलकी. पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीची चिमूट घेतली तर तिथली चरबी मात्र जवळपास तेवढीच. बाळ रोड, पण चरबी राखून.

पुढे याज्ञिकांनी स्वतःला आणि जॉन युडकिन या लंडनच्या मित्राला एकाच यंत्राखाली घातलं. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच : २२.३. युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेलं दोघांचं ते छायाचित्र आता जगभर दाखवलं जातं. मी ते पाहिलं तेव्हा मला आबांची सुटलेली छोटीशी ढेरी आठवली. काटकुळे हातपाय आणि मध्ये ते गाठोडं. आम्ही पोरं त्याला हसायचो.

त्या खेड्यांतली मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मी कमी वजनाची होती. तरीही २९ टक्क्यांची साखर सामान्याच्या वर होती, आणि मुलग्यांत हे प्रमाण ३७ टक्के. ही पोरं काही पेढे खाऊन बिघडलेली नव्हती. याच अभ्यासातून आणखी एक धागा निघाला. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करीनासं झालेलं दिसलं. दुसरीकडे, पालेभाज्या, फळं, दूध खाणाऱ्या मातांची बाळं जरा मोठी होती. आणि २०१५ साली आनंदवर्धन हर्डीकर व सहकाऱ्यांनी उंदरांवरचा प्रयोग छापला : पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना पुढे दोन पिढ्या पोटभर घातलं, तरी त्यांची मधुमेहाकडची ओढ गेली नाही. दुष्काळ संपला म्हणून शरीराने तो लगेच खोडला नाही.

इथे मला एक गोष्ट सांगून ठेवायची आहे. हे संशोधन वाचून काही जण आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. तिने खाल्लं नाही म्हणून पोराला रोग झाला. माझ्या मायने सुकडी खाल्ली नाही हे खरं. ती कुणी खाल्ली, तेही मी वर लिहिलं आहे.

म्हणजे ‘घरात कुणाला साखर आहे का’ या प्रश्नात बीज, मायचा गर्भ, पिढ्यान्‌पिढ्या सारखंच राहिलेलं ताट आणि सारखीच माती, एवढं सगळं विचारलेलं असतं. बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रात आई आणि वडील दोघेही मधुमेही असलेल्या दीडशेवर निरोगी मुलांचा पंचवीस वर्षं पाठपुरावा झाला. त्याचा अहवाल १९९२चा आहे. ज्यांना पुढे मधुमेह झाला, त्यांच्या शरीरात दहा वर्षांहून आधी खुणा होत्या : साखर अजून सरळ, पण इन्सुलिनला दाद देणं मंदावलेलं. त्याआधी १९८८ साली जेराल्ड रीव्हन यांनी ध्यानात आणून दिलं होतं की ही मंडळी टोळीने येतात. वाढलेले ट्रायग्लिसराइड्स, घटलेलं एचडीएल, चढलेला रक्तदाब, इन्सुलिनचा जादा मारा. पुढे त्या टोळीत कमरेचा घेरही धरला गेला. वजनकाटा गप्प असतो तेव्हा टेप बोलतो, म्हणून तर आशाताईंच्या पिशवीत तो असतो. आपल्या लोकांसाठी मर्यादाही खाली आणल्या आहेत : कंबर पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटिमीटर, आणि बीएमआय २३ पासूनच सावध.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने २००५ साली एक सोपी गुणपत्रिका तयार केली. तीत सुईही टोचावी लागत नाही. मी त्या रात्री कंदिलाच्या जमान्यातल्या मास्तरासारखा कागद-पेन घेऊन भावाचे गुण मांडले. वय पन्नासच्या पुढे, ३०. कंबर ८८, शून्य. शेतात राब आहे पण वेगळा व्यायाम नाही, २०. आईवडलांत कुणालाच साखर नाही, शून्य. बेरीज पन्नास. साठ किंवा अधिक गुण आले तर धोका मोठा. मग मी शेवटचं शून्य खोडून आबांचे १० लिहिले. साठ.

सकाळी बैल धुवायला ओढ्यावर गेलो तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ बैलाची शिंगं घासत राहिला. मग म्हणाला, ‘दादा, मला का न्हाई सांगितलं कुणी?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेवीस वर्षांचा होता तो आबांना नेलं तेव्हा, पण खळ्यावर कुणीतरी राहायला हवं म्हणून त्याला मागे ठेवलं होतं. सोलापूरला मी गेलो होतो.

पोळा झाल्यावर तपासणी केली. उपाशीपोटीची साखर १३८ आणि जेवणानंतरची २२०च्या वर. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले, एचडीएल ३४. वजन सत्तावन्न किलो, बीएमआय २१. गावात कुणालाही दाखवा, म्हणेल की ह्या माणसाला जरा खाऊ-पिऊ घाला. २०२५च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला ‘टाइप पाच’ म्हणून मान्यता दिली, तेव्हा मी त्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘नाही हो गुरुजी, तो प्रकार बहुधा तरुण आणि फारच खंगलेल्या रोग्यांत दिसतो, ह्यांचा आपला नेहमीचाच दुसरा प्रकार.’ जागतिक आरोग्य संघटनेने असा एक वर्ग १९८५मध्ये केला होता आणि १९९९मध्ये काढूनही टाकला होता. रोगांच्या नावांचाही इतिहास असतो, आणि तो राजघराण्यांच्या इतिहासापेक्षा कमी चंचल नाही.

आमच्या जिल्ह्याचं नाव निती आयोगाच्या २०१८च्या आकांक्षित जिल्ह्यांत आलं. राज्यातले असे चारच : नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि आम्ही. त्या यादीत आरोग्य आणि पोषण यांचं मोजमाप होतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर गेली, आणि उंबरठ्यावर उभे असलेले त्याहून अधिक, साडेतेरा कोटींच्या पुढे. अंगणवाडीत कमी वजनाची पोरं आणि उपकेंद्राच्या दारात साखरेची माणसं, हे दोन वेगळे विभाग म्हणून चालवले जातात. आमच्या ओसरीवर ती एकच माणसं होती, पन्नास वर्षांच्या अंतराने.

भावाची गोळी सुरू झाली. ज्वारीची भाकरी त्याच्या ताटातून कधी गेली नव्हतीच. मधल्या काळात वाढलेला भात, बिस्किटं आणि दिवसातून सहा वेळचा चहा आवरला. तो आता संध्याकाळी येरमाळ्याच्या रस्त्याला चालायला जातो. पहिल्या आठवड्यात लोक थांबून विचारायचे, गाडी बंद पडली का म्हणून. चेन्नईच्या रामचंद्रन यांनी २००६ मध्ये दाखवलं आहे, की उंबरठ्यावरच्या माणसांनी नुसतं चालणं आणि खाणं सुधारलं तरी तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटतं. भाऊ उंबरठा ओलांडून आत गेलेला आहे. पण त्याची मुलगी अजून ओलांडलेली नाही.

ती सव्वीस वर्षांची, लातूरकडे दिलेली. या उन्हाळ्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा पाचवा महिना संपत होता. सासरच्या कागदावर मी पाहिलं, घराण्यातल्या आजारांच्या रकान्यात आडवी रेघ. पहिल्या भेटीची साखर ठीक होती, पण चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत ती पुन्हा पाहायची असते. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजायचं, दोन तासांनी रक्त घ्यायचं. १४० किंवा वर आली तर बाळंतपणातला मधुमेह. वहिनी कुरकुरल्या, ‘सासरी कळलं तर काय म्हणतील?’ चुलत्यांनी एसटीत म्हटलेलंच वाक्य, फक्त अठ्ठावीस वर्षांनी.

मी तिच्याबरोबर गेलो. ती ग्लुकोजचा पेला पिऊन तोंड वाकडं करून बाकावर बसली. ‘तात्या, आबा दिसायला कसे होते?’ तिने विचारलं. दोन तास होते, सांगितलं सगळं : मोरीतल्या मुंग्या, राख, काटा, सोलापूर. मिलो आणि सुकडीही सांगितली. मग सिस्टरांनी हाक मारली आणि कागद पुढे ओढून विचारलं, ‘घरात कुणाला साखर?’

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ‘वडलांना आहे. आजोबांना होती,’ ती म्हणाली. ‘लिहा.’